इंग्रजीत ‘खूप’ आणि ‘पुरेसे’ कसे सांगावे

मालवण-तारकर्लीपासून गुहागर-दापोलीपर्यंत ज्यांच्या घरी पर्यटक उतरतात, त्यांना परदेशी पाहुण्यांशी बोलताना आंबे, मासे, पाणी, जागा यांचे प्रमाण इंग्रजीतून सांगावे लागते. मराठीत ‘खूप आंबे’ आणि ‘खूप पाणी’ असा एकच ‘खूप’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत मात्र शब्द निवडण्याआधी नामाकडे पाहावे लागते.

म्हणून प्रथम ती वस्तू इंग्रजीत मोजली जाते की नाही, हे ठरवावे. मोजता येणाऱ्या अनेकवचनी नामापूर्वी ‘मेनी’ येते आणि न मोजता येणाऱ्या नामापूर्वी ‘मच’. हा नियम पाठ असूनही चूक होते, कारण आपले वचन आपल्याला फसवते. पैसे मोजले जातात, तांदूळ निवडले जातात, केस विंचरले जातात. मराठीत ही सारी अनेकवचने आहेत, पण ‘मनी’, ‘राइस’ आणि डोक्यावरचे ‘हेअर’ इंग्रजीत एकवचनीच राहतात. त्यामुळे ‘मेनी मनी’ म्हणता येत नाही. मासळीचे प्रकरण आणखी गमतीचे आहे: समुद्रात पोहणारे मासे ‘मेनी फिश’, तर पावसाळी बंदीच्या काळात बाजारात मासळी फारशी नसते, तेव्हा ‘देअर इजंट मच फिश’.

त्यानंतर वाक्याचा प्रकार पाहावा. ‘मच’ प्रश्नात आणि नकारात सहज बसते; साध्या होकारार्थी वाक्यात मात्र ‘वी हॅव मच वॉटर’ कानाला खटकते, तेथे ‘अ लॉट ऑफ वॉटर’ म्हणावे. ‘अ लॉट ऑफ’ दोन्ही प्रकारच्या नामांना चालते, परंतु त्यातील ‘अ’ पाहून क्रियापद एकवचनी करू नये, कारण क्रियापद नामाप्रमाणे बदलते: ‘अ लॉट ऑफ मँगोज आर राइप’, ‘अ लॉट ऑफ राइस इज लेफ्ट’. औपचारिक पत्रात ‘अ लार्ज नंबर ऑफ’ मोजण्याजोग्या वस्तूंसाठी आणि ‘अ ग्रेट डील ऑफ’ न मोजण्याजोग्या गोष्टींसाठी वापरावे.

‘पुरेसे’साठी ‘इनफ’ हा शब्द आहे, पण त्याची जागा सांभाळावी लागते. नामाच्या आधी तो येतो, ‘इनफ रूम्स’. विशेषणाच्या मात्र नंतर, ‘बिग इनफ’. ‘पुरेशी मोठी खोली’ या मराठी क्रमाने ‘इनफ बिग रूम’ तोंडात येते, ते टाळून ‘द रूम इज बिग इनफ फॉर फोर’ म्हणावे. ‘प्लेंटी ऑफ’ म्हणजे पुरून उरेल इतके. जेवताना संकोचणाऱ्या पाहुण्याला ‘देअर इज प्लेंटी ऑफ फिश करी’ म्हटले, की आग्रह न करताही तो निर्धास्तपणे पुन्हा वाढून घेतो. ‘इनफ’मध्ये ती सढळता नाही.

शेवटी ‘टू मच’ आणि ‘टू मेनी’ यांपासून जपावे. आपल्याकडे कौतुकानेही ‘टू मच टेस्टी’ म्हणतात, परंतु या शब्दांचा अर्थ ‘नको इतके’ असा आहे. ‘टू मच कोकम’ ही सोलकढीची तक्रार ठरते; ती आवडली असेल तर ‘व्हेरी टेस्टी’ एवढे पुरे.