लिनक्सवर गेम अडखळत होता, दोष गेमचा नव्हता

सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लिनक्सवर थेट चालतो, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन किंवा प्रोटॉनची मध्यस्थी लागत नाही. तरी माझ्याकडे गाडी वळणावर गोठायची आणि लॅपटॉपचा पंखा जीव तोडून घोंघावायचा. सावल्या, रिझोल्यूशन सगळं कमी करून पाहिलं. ढिम्म फरक नाही.

मग टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो -बी' (बी कॅपिटल) चालवलं. चित्र कोण काढतंय ते ही कमांड सांगते. रेंडररच्या ओळीत ग्राफिक्स कार्डाचं नाव हवं, तिथे 'एलएलव्हीएमपाइप'! म्हणजे कार्ड स्वस्थ बसलेलं आणि चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात. मेसाला, म्हणजे लिनक्सवरच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरला, कार्ड वापरता आलं नाही की ते हा मार्ग धरतं.

कारण निघालं 'नोमोडसेट', म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर नीट सुरू होऊ न देणारा पर्याय. इन्स्टॉल करताना काळा पडदा टाळायला सेफ ग्राफिक्स निवडलं की कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो दिला जातो. माझ्याकडे तो नंतरही ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमध्ये) चिकटून राहिला होता. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' फाइलमधून तेवढा शब्द काढला, 'सुडो अपडेट-ग्रब' दिलं (डेबियन-उबुंटू कुळात हीच कमांड), रीस्टार्ट केलं. रेंडररमध्ये कार्डाचं नाव आलं, गेम एकदम सुळसुळीत.

पडदा पुन्हा काळा पडलाच तर घाबरू नका. ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून तो शब्द तेवढ्या बूटपुरता परत घालता येतो.