मियाटाचं इंजिन काढण्याआधी: पायलट बेअरिंग हातात आहे का?

माझी मियाटा, म्हणजे माझ्दाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, १९९२ ची, १.६ लिटरची. तिच्यात १९९५ च्या गाडीचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं आणि त्याच दमात ब्रेकही मोठे केले. इंजिन मात्र दोनदा बसवावं लागलं, कारण पहिल्या वेळी पायलट बेअरिंग घालायचं राहिलं. चिमटीत मावणारी वस्तू. तिच्यापायी दोन शनिवार-रविवार गेले. हे काम काढणार असाल तर आधी हे वाचा, मग पान्यांना हात लावा.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर सुरुवात कागदांपासून. इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, धुराचं सगळं सामान त्याच इंजिनाचं हवं, आणि शेवटी गाडी स्मॉगच्या रेफरीला, म्हणजे धूर तपासणाऱ्या अधिकृत तपासनीसाला दाखवावी लागते. म्हणून इंजिन विकत घेतानाच त्याचा कॉम्प्युटर, वायरिंग, एअरफ्लो मीटर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मागून घ्या. १.६ चं मीटर झडपेचं, १.८ चं तापलेल्या तारेचं. एकाचं दुसऱ्याला लावून भागवू, हा विचार सोडा.

आता सामान. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील, इंजिनामागचे हीटरचे होज: इंजिन जमिनीवर आहे तोवर हे सगळं बदला, नंतर तिथे हात जात नाही. क्लच १.८ चाच घ्या. तो २१५ मिमीचा असतो, जुना २०० चा. फ्लायव्हील (इंजिनामागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) नवं घेणार असाल तर खोकं उघडताक्षणी मधलं भोक बघा. माझं रिकामं होतं. पायलट बेअरिंग त्याच भोकात बसतं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्या बेअरिंगमध्ये. ते नसेल तर शाफ्टला पुढून आधारच उरत नाही. क्लच दाबला तरी नीट सुटत नाही, रिव्हर्स टाकताना दात करकरतात, आणि तशीच गाडी चालवत राहिलात तर गिअरबॉक्सची बेअरिंगं जातात. क्लचच्या किटमध्ये पायलट बेअरिंग आहे का ते पिशवी फोडून स्वतः बघा. नसेल तर आजच मागवा. ते हातात येईपर्यंत इंजिन गाडीतून काढू नका.

बसवायची पद्धतही सांगतो. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. फ्लायव्हील लाकडी फळीवर ठेवा. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर बरोबर टेकेल असा सॉकेट घेऊन हलक्या हाताने ठोका. आतल्या कड्यावर ठोकलंत तर ते तिथेच खराब झालं असं समजा. मग बोट घालून फिरवा. खरखर न होता फिरलं पाहिजे. क्लचप्लेट मध्यावर आणायची जी प्लॅस्टिकची दांडी किटमध्ये येते, तिचं टोक याच बेअरिंगमध्ये घट्ट बसतं. माझी दांडी लडबडत होती. मी नजरेने अंदाज घेऊन प्लेट मध्यावर आणली आणि पुढे गेलो. दांडी हलत असेल तर पायलट बेअरिंग नाहीये. थांबा.

इंजिन काढताना: बॅटरी डिकीत असते, ती आधी सोडा. एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप पाइप न उघडता बाजूला बांधून ठेवा. गॅस हवेत सोडणं बेकायदा आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) सोडून लटकवला की पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर येईल. प्रत्येक वायरच्या टोकाला टेप लावून नाव लिहा, तीस वर्षांचं प्लॅस्टिक आहे, खेचू नका. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) जोडणारी लांब फ्रेम सुटली की गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच वर घ्या. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढला की गिअरबॉक्सच्या त्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, नाहीतर तिरपं होताच तेल फरशीवर. होइस्ट (इंजिन उचलायची क्रेन) भाड्याने आणा, मित्राला बोलावा, साखळीखाली कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा जोडायच्या आधी क्लच उघडून पायलट बेअरिंग बघा. बसवलंय हे पक्कं आठवत असलं तरी बघा.

ब्रेक त्या मानाने सोपे. १.८ च्या डिस्क पुढे २५५ मिमी, मागे २५१; जुन्या २३५ आणि २३१. डिस्क आणि कॅलिपरचे (डिस्क दोन्हीकडून दाबणाऱ्या भागाचे) ब्रॅकेट १.८ चे आणा, कॅलिपर जुनेच चालतात. मूळ १४ इंची चाकांत हे सगळं मावतं. मागच्या कॅलिपरचा पिस्टन शिकंज्याने दाबू नका. मागच्या बाजूला एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमीच्या ॲलन कीचा स्क्रू दिसतो, तो फिरवून पिस्टन आत घ्या. ब्रेकच्या पाइपांना फ्लेअर नटचाच पाना लावा. साध्या पान्याने नट गोल होतात आणि मग अख्खा पाइप बदलावा लागतो. बँजो बोल्टचे (ब्रेकचा होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे. ब्रेकचं तेल डॉट ४, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची ती सगळ्यात लांबच्या चाकापासून. पहिल्या स्टार्टआधी कॉइलची वायर काढून, ऑइलचा काटा उठेपर्यंत स्टार्टर मारा. कूलंट भरताना हीटर पूर्ण चालू. ब्रेकचे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा वेग ६० वरून १० मैलांवर आणा, पूर्ण थांबू नका, मग निवू द्या. चाकांचे नट पन्नास मैलांनी पुन्हा तपासा. रेफरीची तारीख त्यानंतर घ्या.