गावाचा इतिहास लिहायला बसताय?

गावाचा इतिहास लिहायला घेतला की पहिल्याच पानावर वनवासातला राम मुक्कामाला येतो आणि पांडव एका रात्रीत देऊळ बांधून मोकळे होतात. ते पान शेवटी लिहा. मी मराठवाड्यात तलाठी म्हणून नोकरी काढली, त्यामुळं माझा सल्ला एकच: आधी जमिनीचा कागद बघा.

गाव नेमकं कोणत्या साली वसलं, या प्रश्नामागं लागू नका. तो प्रश्न अमेरिकेत टेक्सासातल्या कास्टेल गावाला शोभतो. जर्मन वसाहतीचे प्रमुख मॉयझेबाख यांनी तिथल्या मूळच्या कोमांची लोकांशी करार केला आणि १८४७ साली जर्मन स्थलांतरितांनी लानो नदीकाठी पाच वस्त्या टाकल्या. बेट्टिना नावाची वस्ती तर वर्षभरही टिकली नाही. पाचांपैकी आज कास्टेल तेवढं उरलंय. स्थलांतर घडवणारी संस्थाच होती, म्हणून साल सापडतं. आपल्याकडं असं साल १९९३च्या भूकंपानंतर नव्या जागी बसलेल्या गावांसारख्यांनाच सांगता येईल. बाकीच्यांनी ‘सगळ्यात जुना कागद कोणता’ एवढंच विचारावं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५च्या खासरा पाहणीच्या नकलेसाठी अर्ज करा. गट नंबर नको, जुना सर्व्हे नंबर लिहा, नाहीतर हेलपाटे. नकलेत कूळ कोण, इनाम कुणाचं, विहीर कुठं, हे दिसतं. त्याआधीचे निजामाच्या काळातले कागद बहुतेक उर्दूत. जुनी शाळा शिकलेला एखादा म्हातारा गाठा, चहा पाजा, वाचून घ्या. वर्ष फसली, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल असेल, तर इसवी सन काढायला ५९० मिळवा. फसली १३४४ म्हणजे १९३४-३५. शेजारी एखादं बेचिराग मौजे, म्हणजे ओस पडलेलं गाव, कागदात दिसलं तर त्याचीही नक्कल मागा. तिथली घरं उठून तुमच्याच गावात आलेली असण्याचा संभव असतो.

मग पायी फिरा. गावाजवळचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड बघा, जिथनं माळवदावर टाकायला माती नेतात. पाऊस पडून गेल्यावर जा. खापरं, बांगड्यांचे तुकडे उघडे पडलेले असतात. जागेवरच फोटो काढा, खिशात घालू नका. आणि खोदायचं तर मुळीच नाही.

मारुतीच्या पारापाशी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव दगड, असला तर सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असतं तेव्हाच कोरीव काम उठून दिसतं. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गायींचा कळप कोरलेला असेल तर गुरं सोडवताना कुणी पडला, असं समजायला हरकत नाही. शेंदूर खरवडू नका. गाव चिडतं, दगडही जातो.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून कुठलंही सांगतील. विचारा, ‘आजी, रझाकारात तुम्ही केवढ्या होतात? लग्न पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी का मागून?’ म्हणजे निजामाचं राज्य गेलं तो सप्टेंबर १९४८ हाताशी येतो. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी कुठं फोडली, खायला सुकडी कुठं मिळायची, हे विचारलं की रस्त्याचा आणि पाझर तलावाचा इतिहास आपोआप निघतो. बायकांकडं आवर्जून बसा. कोणत्या आडाचं पाणी कुणाला भरू देत नव्हते, हे बाप्ये सांगत नाहीत.

लिहिताना ‘कागदात आहे’ आणि ‘गावात सांगतात’ हे दोन्ही वेगळं ठेवा. राम आणि पांडव दुसऱ्यात.

छापण्याआधी सगळे सर्व्हे नंबर एकदा तपासा. एखाद्या जमिनीवर भावकीचा दावा चालू असेल तर तिचा नंबर आणि नावं सरळ गाळा. नाहीतर पुढच्या तारखेला दोन्हीकडचे वकील तुमचंच पुस्तक घेऊन उभे राहतील आणि साक्षीला तुम्हाला बोलावतील.