मोहाची फुलं वेचायला जाताय? अस्वलाशी गाठ कशी टाळायची, आणि पडलीच तर काय करायचं

काठी, पाणी, दोघी-तिघींची सोबत हे सांगत बसत नाही, मोहाला जाणाऱ्या बाईला ते कोणी शिकवायला नको. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडकडची, लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मोह आणि नंतर तेंदूपत्ता. मार्च लागला की मोबाईलवर सल्ले सुरू होतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणे अस्वल दिसलं की झाडावर चढा. अरे, मधाचं पोळं काढायला ते काय शिडी लावतं? आपल्यापेक्षा शंभरपट बरं चढतं ते. म्हणे उताराकडे पळा, केस डोळ्यांवर येऊन त्याला दिसत नाही. धादांत खोटं, उतार असो चढ असो, पळण्यात आपण त्याला हरवू शकत नाही. आणि शाळेतल्या दोन मित्रांच्या गोष्टीतलं ते मेल्याचं सोंग, त्याचं पुढे सांगते, त्यात अर्धी गोष्ट खरी आहे म्हणूनच ती जास्त धोक्याची.

तर आधी वेळ. फूल रात्रीपासून पडायला लागतं, पहाटे चारला गेलं तर दुसऱ्याच्या आधी टोपली भरते हे मलाही माहीत आहे, पण अस्वलाचाही हिशोब तोच असतो ना. रात्रभर खाऊन उजाडताना ते परतीला लागतं आणि आपण नेमकं तेव्हा त्याच्या वाटेत. चांगलं दिसायला लागल्यावरच घरून निघा, पाव टोपली कमी भरली तर भरली. तसंही आमच्याकडे वाघ आहेच, त्यामुळे अंधारात जाण्याला माझा दोन्हीकडून नकार.

झाडाखालचा पाला झाडून घ्या, जाळू नका. जाळी बांधता आली तर उत्तम, मग वाकून वेचणंच कमी होतं.

वाटेने बोलत चला. हातातल्या काठीला घुंगरू बांधा नाहीतर डब्यात खडे टाकून वाजवा. कानात इअरफोन घालून जंगलात शिरणाऱ्या पोरापोरींना मी सोबत नेतच नाही, त्यावरून घरात भांडणं झालीत तरी. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "वाघाले माहीत रायते आपण आलो ते, अस्वलाले सांगाव लागते." ते अगदी खरं आहे. अस्वलाची नजर कमी, खाण्यात गुंतलं की ऐकणंही कमी, सगळा भरवसा नाकावर. म्हणून वारा बघा. शिकारीच्या गोष्टी ऐकलेले लोक सांगतात की वारा तोंडावर घेऊन चाला म्हणजे जनावराला वास जात नाही. अहो, आपल्याला वास जायलाच हवा आहे! वारा पाठीमागून असेल तर उलट बरं.

आता जे मला लवकर समजलं नाही ते. आवाज कधी करायचा आणि कधी तोंड बंद ठेवायचं.

सहा-सात वर्षांपूर्वी नाल्याच्या काठाने मी पुढे आणि मोठ्या जाऊबाई मागे अशा चाललो होतो, वारा समोरून, घुंगराची काठी त्या दिवशी घरीच राहिलेली, आणि झुडपामागून भुर्र-फुस्स, भुर्र-फुस्स असा आवाज यायला लागला, सायकलच्या दुकानातल्या पंपासारखा. मला वाटलं रानडुक्कर असेल, जाईल आपोआप. ते वारूळ होतं. अस्वल पंजाने वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं आणि उधई, म्हणजे वाळवी, ओढून घेतं, त्याच्या वरच्या जबड्याचे पुढचे दोन दात नसतातच, त्या फटीतून ओढतं, त्याचा तो आवाज. शे-दीडशे मीटरवरून ऐकू येतो आणि मी पंधरा पावलांवर जाईपर्यंत चालत राहिले. दिसली ती फक्त पाठ, काळे राठ केस आणि त्यावर लाल माती, डोकं पूर्ण वारुळात. मी थबकले होते, तेवढ्यात मागून जाऊबाई किंचाळल्या, "अस्वल!" ते गर्रकन वळून उभं राहिलं, छातीवरचा पांढरा पट्टा आणि मातीने माखलेलं ओलं नाक एवढंच आठवतं. मी टोपली टाकून पळाले आणि कापलेल्या खुंटावर गुडघ्यावर पडले. ते चार-पाच पावलं माझ्याकडे आलं आणि मग नाल्यात उतरून गेलं. माझी हुशारी त्यात काहीच नव्हती. गुडघ्यावरची खूण अजून आहे.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. लांबून, म्हणजे पन्नास-साठ पावलांच्या पलीकडे असेपर्यंत खुशाल बोला, खोका, काठी आपटा. पण ते जवळ दिसलं आणि त्याला तुमचा पत्ता नाही, तर एक शब्द नाही. आल्या पावली मागे, त्याच्याकडे तोंड ठेवून, हळू. खात असलेल्या अस्वलाच्या कानाशी ओरडणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावर पाणी ओतणं, ते दचकतं आणि दचकलं की पळण्याआधी मारतं. वाघासमोर उभं राहून भांडणारं जनावर आहे ते, त्याची सवयच तशी. त्याने तुम्हाला बघितलंच असेल तर थांबा, हलक्या आवाजात काहीबाही बोला आणि मागे सरका. दोन पायांवर उभं राहिलं म्हणजे हल्लाच असं नाही, बरेचदा ते वास घेत असतं. पिल्लं असतील तर मात्र अंतर दुप्पट करा. पिल्लं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात आणि मोहाच्या दिवसांत आईच्या पाठीवर असतात, त्यामुळे अस्वलाची पाठ उंचवटा असल्यासारखी दिसली तर दुसऱ्यांदा बघायला थांबू नका. मोबाईल काढणाऱ्यांबद्दल काय बोलू.

दगड मारू नका. एकटं-दुकटं असताना काठीने मारायलाही जाऊ नका, काठी आवाजासाठी आहे.

आणि अंगावर आलंच तर आता ती शाळेतली गोष्ट. लांब असताना आडवं पडून राहू नका, ते वास घेऊन निघून जाईल या भरवशावर तर मुळीच नाही. पण ते पोचतंय आणि सुटका नाही असं झालं की पालथं पडायचं, उताणं नाही. अस्वल डोकं आणि चेहरा धरतं, डोळे-नाक गेलेली माणसं मी गावात बघितली आहेत. तोंड जमिनीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून घट्ट, पाठीवर पिशवी असेल तर राहू द्या. ते उलटवायला लागलं तर लोळून परत पालथं व्हायचं. ते लांब गेल्याशिवाय उठायचं नाही. सोबतच्यांनी सगळ्यांनी मिळून, एकदम, काठ्या आपटत ओरडत पुढे यायचं. आता ओरडायचंच, पण एकट्याने नाही.

जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरा, हळद-चुना काही भरू नका. सरळ सरकारी दवाखाना, धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन मागून घ्या, कोणी नको म्हटलं तरी विचारा. वाटेतच बीटगार्डला, म्हणजे वनरक्षकाला, नाहीतर वनखात्याच्या 1926 ला फोन लावा. पंचनामा त्याच दिवशी व्हायला हवा, नुकसानभरपाई त्यावर अडते. आमच्या शेजारणीने आधी खाजगीत टाके घातले, फोन चौथ्या दिवशी केला आणि मग ती जागा नेमकी कुठली हे सिद्ध करण्यात तिचा अख्खा तेंदूपत्त्याचा हंगाम गेला. म्हणून टोपली, फाटलेली साडी, रक्ताचे डाग, जे जिथे आहे तिथे राहू द्या आणि सोबतच्या एकीला वनरक्षक येईपर्यंत रस्त्यावर थांबवा, झाडाजवळ नाही.