बदकांचं खाणं नोंदवताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटच्या बंधाऱ्यावर कुणीतरी माझ्यापुढे वही धरतं. “दादा, थापट्या बदक मोठे शंख निवडून खातो.” कशावरून? तो चरत होता तिथल्या चिखलात शंख सापडले म्हणून.

हसायचा अधिकार मला नाही, कारण हा घोळ मीही घातलाय. कॉलेजच्या चार पोरांना प्रोजेक्टसाठी मदत करत होतो. चिखल गाळायला घरातली गव्हाची चाळण मीच नेली (ती परत स्वयंपाकघरात गेली नाही, हे सांगायला नको). दोन सकाळी खपून आम्ही शंख मोजले, मापले, पोरांनी रंगीत आलेख काढले. मग त्यांच्यातल्या सगळ्यात गप्प मुलीने विचारलं, “सर, चाळणीतून खाली पडलं त्याचं काय?”

खाली पडलं होतं तेच तर थापट्याचं जेवण! त्याच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे शंभरावर बारीक दाते असतात. पाणी आत घ्यायचं, कडांनी बाहेर सोडायचं, मागे राहील ते गिळायचं. त्याची चाळण आमच्यापेक्षा कितीतरी बारीक. पुढच्या रविवारी मैद्याची चाळण नेली, तर त्याच चिखलातून वळवळणाऱ्या लाल अळ्या, पाणपिसवा आणि चिमुकल्या बिया निघाल्या. शहराचं सांडपाणी पोटात घेतलेल्या मुळा-मुठेत प्राणवायू कमी, पण या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. म्हणून त्या लाल, आणि म्हणूनच तिथे तगतात. आलेख रद्दीत गेले.

तेव्हापासून मी दोन चाळण्या एकावर एक ठेवतो, खाली पांढरा ट्रे. हातात रबरी मोजे, कारण ते पाणी काय आहे हे नाकाला कळतंच. आणि थवा आपणहून दुसरीकडे सरकल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही. हा वेळ नसेल त्याने “निवडतं” हा शब्द वापरू नये. पाण्यात दहापैकी आठ जीव बारीक असतील आणि बदकानेही दहात आठ बारीकच खाल्ले, तर निवड कसली? समोर आलं ते खाल्लं.

दुसरा माझा आवडता राग म्हणजे “मोठा घास, जास्त फायदा”. शेंडी बदक शिंपला फोडून खात नाही, अख्खा गिळतं आणि पेषणीत दळतं. पेषणी म्हणजे चिकनवाल्याकडच्या कलेजी-पेठ्यातला पेठा. शिंपला मोठा तर कवचाचं ओझंही मोठं. १९९२ साली डच संशोधकांनी दाखवलं की बारीक शिंपले हे बदक पाण्याबरोबर ओढून घेतं, मोठे मात्र एकेक उचलावे लागतात, त्यात वेळ जातो. बारीक घास तर पाण्याखालीच संपतात. वर येऊन झटापट होते ती मोठ्या भक्ष्याशी, आणि भिगवणला नावेतून सहाशे मिमीच्या लेन्सने टिपली जाते तीच. फोटो सुंदर, नोंद लंगडी.

जुन्या तक्त्यांत बदकांच्या पोटात बियाच बिया दिसतात, तेही जपून वाचा. पेषणीत मऊ अळी काही मिनिटांत विरघळते, कडक बी कित्येक दिवस तसंच राहतं. अमेरिकेत १९७० सालीच हे दाखवून झालंय. अन्ननलिकेतलं अन्न त्यापेक्षा खरं बोलतं.

बाकी किरकोळ. वारकरी (कूट हा काळा पाणपक्षी) बदक नव्हे. त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा. थापट्यांचा थवा गोल गोल फिरतो ते प्रणयनृत्य नसतं, पाणी ढवळून अन्न वर आणणं असतं. हिवाळ्यात इथे बिया खाणारी मादी उत्तरेत अंडी घालण्याच्या दिवसांत प्रथिनांसाठी किड्यांकडे वळते, तेव्हा डिसेंबरची यादी वर्षभराची म्हणून छापू नका.

आणि “सकाळभर झोपलेलीच होती, म्हणजे पाषाण तलावावर खाणं कमी” असं कुणी लिहिलं की मी एकच विचारतो: रात्री गेला होतास? बरीच बदकं अंधारात चरतात. आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला काठावर बसा, पंखांचा आवाज कुठल्या दिशेने जातो तेवढं लिहा. डासांची ट्यूब विसरू नका.