पुरस्कारासाठी नाशिकहून प्रथमच मुंबईला जाताना

सायंकाळच्या सोहळ्यासाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची असली, तरी नाशिकरोड स्थानक शहरापासून ८ ते १० किलोमीटर दूर आहे आणि पावसाळ्यात कसारा घाटात गाडी रखडू शकते, हे गृहीत धरूनच निघावे. कार्यक्रम प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात असल्यास दादरला उतरावे. नरिमन पॉइंटजवळच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये असल्यास शेवटच्या स्थानकापर्यंत जावे. परतीची पंचवटी मुंबईहून सायंकाळीच सुटत असल्याने ती मिळण्याची आशा धरू नये, आणि मुक्कामाची व प्रवासखर्चाची व्यवस्था कोणाकडे आहे, हे आयोजकांना आधीच लेखी विचारावे. मानाच्या पाहुण्याने असे विचारण्यात कमीपणा नाही. शाल-श्रीफळ सहज मावते, पण काचेच्या चौकटीतील मानपत्रासाठी रुंद कापडी पिशवी आणि गुंडाळायला जुना टॉवेल सोबत ठेवावा.