झेंडावंदनाची तयारी आदल्या संध्याकाळीच करा

दोरी ओढली आणि घडी सुटलीच नाही, हे शाळांच्या झेंडावंदनात वरचेवर घडतं. कारण जवळपास नेहमी एकच: गाठ. सुती दोरी पावसात फुगते आणि पक्की गाठ आवळून बसते. खान्देशात १५ ऑगस्ट ऐन पावसाळ्यात येतो, म्हणून खांबाची कप्पी आणि दोरी आदल्या संध्याकाळीच तपासा. कप्पी गंजली असेल तर तेल द्या. साध्या कापडाची तशीच घडी करून एकदा वर चढवून, सोडून पाहा.

झेंडा आधी पारखून घ्या. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं. १३५ × ९० सेंमीच्या झेंड्यात प्रत्येक पट्टा ३० सेंमीचा आणि चक्र २८ सेंमी व्यासाचं असतं. चक्र निळं, दोन्ही बाजूंनी दिसणारं. आरे २४ आहेत का, मोजूनच घ्या.

घडी घालताना झेंडा स्वच्छ सतरंजीवर पसरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा, मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूकडे चुण्या घालत या. मध्ये फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण त्या कोरड्याच हव्यात. ओल्या झेंडूचा डाग पांढऱ्यावर पडतो. आता हिरव्या बाजूच्या दोरीचे दोन सैल वेढे घडीभोवती घ्या आणि शेवटचा फासा वेढ्याखाली नुसता खोचा. टोक आरपार ओढून घेऊ नका, तिथेच गाठ बसते. केशरी बाजूची दोरी वरच राहील याची बांधण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्या. झेंडा चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश.

भिंतीवर किंवा रांगोळीत चक्र काढायचं असेल तर वर्तुळ काढून कंपासची फाक न बदलता परिघावर सहा खुणा करा. प्रत्येक भाग दोनदा निम्मा केला की १५-१५ अंशांवर २४ खुणा मिळतात.

नंदुरबारच्या शिरीषकुमारवर, म्हणजे ‘चले जाव’ चळवळीतल्या शाळकरी हुतात्म्यावर, नाटुकलं किंवा चित्ररथ करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाळावी. तो ९ सप्टेंबर १९४२ ला हुतात्मा झाला, तेव्हा तिरंग्यावर चरखा होता. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा चरख्याचा झेंडा स्वीकारला होता. १९३६ च्या फैजपूर अधिवेशनाच्या काळातही तोच होता. अशोकचक्र आलं २२ जुलै १९४७ ला, संविधान सभेच्या ठरावाने. त्या पोराच्या हाती चक्राचा झेंडा देणं म्हणजे मुलांना चुकीचा इतिहास शिकवणं.

कार्यक्रमानंतर मैदानातले कागदी झेंडे गोळा करा. भिजलेला झेंडा सावलीत पूर्ण वाळवूनच ठेवा, ओला गुंडाळला तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. फाटलेला किंवा विटलेला झेंडा पुन्हा चढवू नका. तो तुकडे न करता, अख्खाच, चारचौघांच्या नजरेआड सन्मानाने जाळावा.